पाहुण्यांसह बेंगळुरू पाहण्यासाठी नम्म मेट्रो : एका बेळगावकर यजमानाचे मत

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या मराठी घरांतली मुले पूर्वी नोकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरत असत. आता त्यांच्यापैकी पुष्कळजण बेंगळुरूत असतात आणि त्यांच्या मागोमाग आम्हा आईवडिलांचेही वर्षातले काही महिने तिथे जातात. माझे घर बेळगावच्या वडगावात आहे, पण बनशंकरीला लेकीकडे मी वरचेवर राहते. मी तिथे आहे असे कळले की निपाणीच्या वन्सं, खानापूरची मैत्रीण आणि चंदगडची मावशी यांचे फोन सुरू होतात आणि थोड्याच दिवसांत घर भरते. लेक-जावई दिवसभर कामावर असल्यामुळे पाहुण्यांना शहर दाखवण्याचे काम माझ्याकडे येते आणि ते मला मनापासून आवडते. या कामात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली सेवा म्हणजे नम्म मेट्रो. आपल्या भागातल्या ज्या कुटुंबांवर असाच पाहुणचार करण्याची वेळ येते, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पाहुणे आले की दिवसभरासाठी मोटार ठरवावी, असे घरातल्या तरुण माणसांना साहजिकच वाटते. मोटारीत सामान ठेवता येते, दारापासून दारापर्यंत जाता येते आणि वयस्कर माणसांना चढ-उतार करावी लागत नाही, हे सगळे खरे आहे. पण बेंगळुरूच्या रहदारीत त्या मोटारीतला निम्मा दिवस सिग्नलवर उभे राहण्यात जातो. पुढे बसलेला यजमान चालकाला रस्ता सांगत राहतो, मागची माणसे पेंगू लागतात, आणि उतरल्यावर गाडी कुठे लावली आहे हे विचारण्यासाठी फोनाफोनी करावी लागते. मेट्रोत हे काहीच नसते. डब्यातली आसने खिडक्यांना पाठ लावून समोरासमोर असल्यामुळे चार-पाच माणसे एकमेकांचे तोंड पाहत बोलू शकतात, आणि यजमानाला आपल्या माणसांकडे लक्ष देण्याखेरीज दुसरे काम उरत नाही. दूरवरून आलेल्या नात्याच्या माणसाला शहरातल्या इमारतींपेक्षा आपल्या सोबतीची ओढ अधिक असते, आणि ती सोबत मेट्रोत अखंड मिळते. या सेवेला मी एवढे महत्त्व देते ते मुख्यतः यासाठी.

आपल्याकडून येणाऱ्यांना मेट्रोचा लाभ गाडीतून उतरल्याबरोबर सुरू होतो. सांगली-मिरजेकडून येऊन बेळगावमार्गे जाणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, बेळगावहूनच रात्री सुटणारी सुपरफास्ट आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली वंदे भारत या तिन्ही गाड्या बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्थानकावर जातात. हे स्थानक आता क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. संगोळ्ळी आपल्या बेळगाव जिल्ह्यातले, रायण्णांना इंग्रजांनी १८३१ साली फाशी दिले ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, आणि ज्या कित्तूरच्या राणीसाठी ते लढले ती चन्नम्मा मूळची बेळगावला लागून असलेल्या काकतीची. नंदगडची समाधी लहानपणापासून पाहत आलेली माझी मैत्रीण त्या स्थानकाच्या पाटीखाली काही क्षण हात जोडून उभी राहिली, ते पाहून मला फार बरे वाटले. परक्या वाटणाऱ्या महानगराच्या दारातच आपल्या मातीतल्या माणसाचे नाव भेटते, ही गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आवर्जून सांगावी.

या स्थानकाला लागूनच मेट्रोचे त्याच नावाचे स्थानक जांभळ्या मार्गावर आहे, आणि त्याच्या पुढचेच स्थानक म्हणजे मॅजेस्टिक, जिथे जांभळा आणि हिरवा असे दोन मार्ग जमिनीखाली वेगवेगळ्या पातळ्यांवर एकमेकांना छेदतात. ज्यांचे आप्त हिरव्या मार्गाच्या उत्तर भागात, म्हणजे राजाजीनगर, महालक्ष्मी, पीण्या या बाजूला राहतात, त्यांनी पाहुण्यांना यशवंतपूरलाच उतरायला सांगावे. वंदे भारतही तिथे थांबते आणि रेल्वे स्थानकाजवळच मेट्रोचे स्थानक आहे. निपाणीला रेल्वे नसल्यामुळे वन्संना आधी बेळगावला यावे लागते, म्हणून त्या आदल्या दिवशी आमच्या वडगावच्या घरी मुक्काम करून मगच निघतात. त्यांच्यासोबत तांदळाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी आणि कुंद्याच्या मिठाईचे डबे असतात. मेट्रोत ठरावीक मापापेक्षा मोठ्या सामानाला वेगळे तिकीट काढावे लागते, शिवाय प्रत्येक पिशवी तपासणीच्या यंत्रातून जाते, त्यामुळे एका अवजड बोचक्यापेक्षा दोन-तीन लहान पिशव्या केलेल्या बऱ्या, आणि सामान फारच असेल तर त्या दिवशी सरळ रिक्षा करणेच योग्य. गाडीत खाण्यापिण्याला मनाई असल्यामुळे कुंद्याचा डबा घरी पोहोचेपर्यंत उघडता येत नाही. लहान मुलांना हे आधीच समजावून ठेवावे.

वेळांविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर खोळंबा होत नाही. एरवी मेट्रो पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते, पण रविवारी ती सकाळी सातला सुरू होते, आणि शनिवार-रविवार गावी जाऊन परतणाऱ्यांच्या सोयीसाठी २०२५ च्या जानेवारीपासून सोमवारी पहिली गाडी पहाटे सव्वाचारला सुटते. रविवारी पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्या पाहुण्याला स्थानकावर चहा घेत बसण्याची तयारी ठेवावी लागते. सोमवारी मात्र उतरल्याबरोबर पुढे निघता येते.

तिकिटाच्या बाबतीत मी असे सुचवेन की घरच्या माणसांसाठी स्मार्ट कार्ड ठेवावे आणि पाहुण्यांसाठी मोबाइलवर क्यूआर तिकीट काढावे. व्हॉट्सअॅपवरही ते मिळते, आणि एकत्र प्रवास करणाऱ्या सहा जणांपर्यंत एकच क्यूआर चालतो, त्यामुळे खिडकीपुढच्या रांगेत सगळ्यांना उभे करावे लागत नाही. मात्र फाटकातून एकेकाने जाताना फोन हातोहात मागे द्यावा लागतो, म्हणून यजमानाने सर्वांना पुढे घालून स्वतः शेवटी यावे. कार्डावर भाड्यात ५ टक्के सवलत असते आणि कमी गर्दीच्या वेळांत, म्हणजे सकाळी आठपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर, ती १० टक्के होते. रविवारी तर दिवसभर १० टक्के सवलत मिळते. पाहुण्यांना घेऊन फिरणाऱ्याला कार्यालय गाठायचे नसल्यामुळे सकाळची न्याहारी आणि जेवण घरी आटोपून बाराला निघणे सर्वच दृष्टींनी सोयीचे ठरते.

आमच्या घोळक्यात सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे असतात, आणि त्याचा एक परिणाम बेंगळुरूच्या बसमध्ये चढल्यावर दिसतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसने विनामूल्य प्रवास करता येतो. निपाणीच्या वन्संच्या आधारकार्डावर बेळगाव जिल्हा असल्यामुळे त्यांना शून्य रकमेचे तिकीट मिळते, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या चंदगडच्या मावशीला, तिचे गाव बेळगावपासून फार लांब नसले तरी ते कोल्हापूर जिल्ह्यात येत असल्यामुळे, पूर्ण पैसे मोजावे लागतात. मावशीला त्याचे काही वाटत नाही, पण मला मात्र पाहुण्यापाहुण्यांत असा फरक झालेला आवडत नाही. मेट्रोत सगळ्यांना एकच भाडे आणि एकच तिकीट असते. कन्नड न येणाऱ्या मावशीला मार्गांची रंगांवरून असलेली ओळखही फार सोयीची वाटते. पाट्या आणि घोषणा कन्नड-इंग्रजीत असल्या तरी हिरवी पट्टी धरून चालायचे एवढे सांगितले की ती मॅजेस्टिकच्या गर्दीतही बरोबर फलाटावर पोहोचते. गुडघे दुखत असल्यामुळे तिला जिने चढवत नाहीत, पण सरकते जिने आणि लिफ्ट असल्याने तिची अडचण होत नाही. सरकत्या जिन्याची भीती वाटणाऱ्या माणसाला थेट लिफ्टकडेच न्यावे, धीर देण्याच्या नादात जिन्यावर चढवू नये.

आता प्रत्यक्ष पाहण्याच्या ठिकाणांकडे वळते. पाहुण्यांचा पहिला दिवस मी नेहमी लालबागेसाठी राखते. हिरव्या मार्गावर लालबाग याच नावाचे स्थानक आहे आणि तिथून बागेचे पश्चिम दार जवळ पडते. हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग आज २४० एकरांवर पसरली आहे. १८८९ मध्ये उभारायला घेतलेले काचघर तिच्या मधोमध आहे आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते. प्रदर्शनाच्या दिवसांत गर्दी प्रचंड असते, त्यामुळे बाग बघायची असेल तर इतर दिवशी जावे आणि फुले बघायची असतील तर सकाळी लवकर जावे. पण मला स्वतःला लालबागेत सर्वांत अधिक आवडतो तो तिथला उघडा खडक. त्याच्या माथ्यावर बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा छोटा मनोरा आहे, आणि तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा असल्यामुळे त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळालेला आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. म्हणजे हा खडक त्याच्यापेक्षा चाळीसपटींहून अधिक जुना. राजहंसगडावर आणि पारगडावर चढलेल्या आमच्या मुलांना हा हिशेब सांगितला की ती खडकाला हात लावून बघतात, आणि मग खाली उतरायला तयार होत नाहीत.

लालबागेत पश्चिमेकडून शिरून बाग आडवी पार करत मुख्य दाराने बाहेर पडावे, कारण त्या बाजूला मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजेच एमटीआर हे जुने उपाहारगृह आहे. १९२४ पासून चालत आलेल्या या घराण्याचे नाव रवा इडलीशी जोडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली इथे पहिल्यांदा केली गेली असे सांगतात. तिथे आत बसायला जागा मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि ते थांबणे पाहुण्यांच्या गप्पांत सहज निघून जाते. रवा इडलीवर घातलेले तूप, सोबतची सागू नावाची बटाट्याची पातळ भाजी आणि नंतरची चांदीच्या पेल्यातली कॉफी यांची चव आमच्याकडच्या हॉटेलांत मिळणाऱ्या पदार्थांहून निराळी आहे. वन्संना तिथला डोसा जास्त जाड वाटला, तर मैत्रिणीने तोच पुन्हा मागवला. परतताना बागेतून पुन्हा चालण्याची ताकद नसेल तर रिक्षाने स्थानकावर यावे.

दुसरा दिवस स्त्रियांच्या आग्रहामुळे चिक्कपेठेत जातो. मॅजेस्टिकच्या पुढचे हे भुयारी स्थानक २०१७ साली हिरव्या मार्गाचा भुयारी भाग सुरू झाला तेव्हा खुले झाले. त्याआधी या अरुंद पेठेत वाहनाने शिरणे म्हणजे मोठे संकट होते. आमचे वडगाव, शहापूर आणि खासबाग हे विणकरांचे भाग असल्यामुळे आमच्या घरच्या बायका साडी हातात घेतल्याबरोबर तिची वीण, काठ आणि जर पाहतात, आणि दुकानदाराला तीन-चार प्रश्नांतच समोर कोण आहे ते कळते. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात इरकलीचा जेवढा चांगला माल मिळतो तेवढा इथे शोधून सापडत नाही. म्हैसूर सिल्क, कांजीवरम आणि धर्मावरम यांच्यासाठी मात्र चिक्कपेठेला तोड नाही. बरीच दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून हा बेत आठवड्यातल्या दिवशी ठेवावा. खरेदी होईपर्यंत बरोबरच्या पुरुषमंडळींना बसवून ठेवू नये. त्यांना पुढच्याच कृष्णराजेंद्र मार्केट स्थानकावर पाठवावे. तिथल्या बाजारात शेवंती, कनकांबर, मोगरा आणि तुळशी यांचे ढीग सकाळी लवकर बघण्यासारखे असतात, आणि जवळच बेंगळुरूच्या किल्ल्याचा शिल्लक राहिलेला भाग व १७९१ मध्ये पूर्ण झालेला टिपू सुलतानाचा लाकडी महाल आहे.

या किल्ल्यापाशी आले की मराठी माणसाने थोडे अधिक थांबावे, असे मला वाटते. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेले हे गाव १६३८ साली विजापूरच्या फौजेने घेतले तेव्हा त्या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि पुढे बेंगळुरू त्यांच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागे ते व्यंकोजीराजांकडे गेले. तंजावरला बसलेल्या व्यंकोजींनी ते विकायला काढले असताना १६८७ मध्ये मोगल सरदार कासीम खानाने ते मधेच जिंकले आणि अखेर ३ लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या हाती गेले. म्हणजे जवळपास पन्नास वर्षे हे शहर भोसल्यांच्या कारभाराखाली होते. शहाजीराजांची समाधीही कर्नाटकातच, दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळच्या होदिगेरेला आहे, आणि आपल्याकडून बेंगळुरूला जाणारी गाडी त्याच दावणगेरेवरून पुढे जाते. शाळेत शहाजीराजांचा धडा शिकलेल्या आमच्या भाच्याला हे सगळे त्या जागेवर उभे राहून ऐकायला मिळाले, आणि घरी परतल्यावर रात्री त्याने आपल्या आजोबांना तो इतिहास क्रमवार सांगितला. पुस्तकातले गाव आणि समोरचे गाव एकच आहे हे मुलांना कळावे, यासाठी मी हा फेरा कधीही गाळत नाही.

तिसऱ्या दिवशी जांभळ्या मार्गाने विधानसौध, म्हणजे कर्नाटकाचे विधानभवन, आणि कब्बन पार्क. मॅजेस्टिकपासून कब्बन पार्कपर्यंतचा हा भुयारी भाग एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला आणि तो दक्षिण भारतातला पहिला भुयारी मेट्रोमार्ग होता. बेळगावकरांना हलग्याजवळचे सुवर्ण विधानसौध महामार्गावरून जाता-येता दिसत असते, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तिथला बंदोबस्तही परिचयाचा असतो. त्यामुळे १९५६ मध्ये मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांच्या पुढाकाराने पूर्ण झालेली मूळ इमारत पाहण्याची उत्सुकता आमच्या भागातल्या माणसांना इतरांपेक्षा जास्त असते. ग्रॅनाइटचे खांब, कोरीव कमानी आणि मधला घुमट बाहेरूनच पाहिला तरी समाधान होते. समोरच्या रस्त्यापलीकडे उच्च न्यायालयाची लाल इमारत आणि तिच्या मागे कब्बन पार्क आहे. बेळगावच्या कॅम्पमधल्या जुन्या झाडांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला या बागेतला गारवा लगेच आपलासा वाटतो. रविवारी बागेतले रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे लहान मुले बरोबर असतील तर तोच दिवस निवडावा.

मुलांसाठी इथेच थोडे पुढे चालून कस्तुरबा मार्गावर विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती, फिरती इंजिने आणि हात लावून बघण्याजोगे असंख्य प्रयोग आहेत. ज्यांच्या नावाने बेळगावात तंत्रविज्ञान विद्यापीठ आहे तेच हे विश्वेश्वरय्या, आणि मेट्रोच्या सेंट्रल कॉलेज स्थानकालाही त्यांचेच नाव आहे, हे सांगितल्यावर मुलांच्या डोक्यात बेळगाव आणि बेंगळुरू यांची गाठ पक्की बसते. या संग्रहालयाला किमान तीन तास द्यावेत. तासाभरात उरकण्याची घाई केली तर मुले हिरमुसतात.

वेळ उरला तर हिरव्या मार्गाने उत्तरेला जावे. सँडल सोप फॅक्टरी या स्थानकाचे नाव म्हैसूर संस्थानाच्या काळापासून चालत आलेल्या चंदनी साबणाच्या कारखान्यावरून पडले आहे. आमच्या पाहुण्यांत गावाकडच्या बायकांसाठी हा साबण नेला नाही असे कोणी नसते. महालक्ष्मी स्थानकाकडून इस्कॉनचे मंदिर जवळ आहे. या टप्प्यात गाडी उंचावरून धावते, आणि वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळत असल्यामुळे वर तारांचे जाळे नसते, म्हणून खिडकीतून घरांच्या गच्च्या, मंदिरांची गोपुरे आणि गुलमोहरांचे शेंडे मोकळेपणी दिसतात. माझ्या मैत्रिणीला हा भाग एवढा आवडला की स्थानक आल्यावर तिला उठवत नव्हते. ‘उतरायचं आलं की वो, चला,’ असे वन्संनी दोनदा म्हटल्यावर ती उठली.

या सेवेत काय कमी पडते, हेही स्पष्ट लिहायला हवे. पहिली गोष्ट भाड्याची. फेब्रुवारी २०२५ मध्ये दरवाढ झाली तेव्हा कमाल भाडे ६० वरून ९० रुपयांवर गेले आणि किमान भाडे १० रुपये राहिले. एकट्या माणसाला ही वाढ सोसते, पण पाच-सहा जणांचे कुटुंब दिवसातून दोनदा लांबचा प्रवास करू लागले की रक्कम भाड्याच्या मोटारीच्या जवळ जाते. सार्वजनिक वाहतूक जितकी स्वस्त तितकी ती कुटुंबांच्या उपयोगाची, आणि सरकारने याचा पुन्हा विचार करावा असे मला तळमळीने वाटते. एक, तीन आणि पाच दिवसांचे पास मिळतात, परंतु दिवसभरात बऱ्याच फेऱ्या होणार असतील तरच ते परवडतात. माझ्यासारख्या एका दिवशी एकच भाग दाखवणाऱ्यांना त्यांचा फायदा नाही. दुसरी गोष्ट स्थानकापासून पुढच्या प्रवासाची. मुख्य ठिकाणे स्थानकांच्या जवळ आहेत, पण बसवनगुडीचे नंदीमंदिर किंवा गांधीबाजार यांसारख्या जागांसाठी नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरून रिक्षा करावीच लागते, आणि जवळच्या अंतराला रिक्षाचालक अवाजवी पैसे मागतात हा अनुभव येतो. कन्नडमध्ये शांतपणे मीटरची आठवण करून दिली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो, आणि या बाबतीत सीमाभागातल्या आपल्या माणसांना दोन्ही भाषा येतात याचा मोठा उपयोग होतो. तिसरी गोष्ट विमानतळाची. मुंबई-दिल्लीहून विमानाने येणाऱ्या पाहुण्यांना विमानतळावरून थेट मेट्रो नाही, त्यांना बसने किंवा टॅक्सीने यावे लागते.

गर्दी हा या शहराचा स्वभाव आहे. सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळांत वयस्कर माणसांना घेऊन मॅजेस्टिकला मार्ग बदलण्याचा बेत करू नये. टाळता येत नसेल तर बायकांनी पुढच्या टोकाच्या महिलांसाठीच्या डब्यात चढावे, पुरुषांनी त्याच्या लगतच्या डब्यात राहावे, आणि कोणत्या स्थानकावर उतरायचे ते प्रत्येकाला आधी सांगून ठेवावे. म्हणजे फलाटावर उतरल्यावर शोधाशोध होत नाही.

राहता राहिला पिवळा मार्ग. राष्ट्रीय विद्यालय रस्ता, म्हणजे आर. व्ही. रोड स्थानकापासून बोम्मसंद्रपर्यंतचा १९.१५ किलोमीटरचा आणि १६ स्थानकांचा हा मार्ग आपल्या बेळगावच्या वंदे भारतबरोबर एकाच दिवशी सुरू झाला. आपल्या भागातली किती मुले इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मार्गाचे मोल सांगायला नको. माझ्या भाचीला पूर्वी बनशंकरीला आमच्याकडे यायचे म्हटले की सिल्क बोर्डच्या चौकातल्या रहदारीमुळे संध्याकाळ वाटेतच संपत असे, आणि पाहुणे आलेले असूनही ती रविवारशिवाय येऊ शकत नसे. आता ती कामावरून सुटून आर. व्ही. रोडला येते, हिरव्या मार्गाने पुढच्याच स्थानकावर उतरते आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर असते. सुरुवातीला तीनच गाड्या असल्यामुळे या मार्गावर पंचवीस मिनिटांनी गाडी मिळत असे. नंतर गाड्या वाढल्या आणि वाट पाहणे कमी झाले. इलेक्ट्रॉनिक सिटी पाहण्याची वन्संची इच्छा पुढच्या खेपेला पूर्ण करायची ठरली आहे. भाची त्यांना दुपारी बाराच्या पुढे यायला सांगते, कारण त्या वेळी बसायला जागा मिळते आणि कार्डावरची सवलतही वाढलेली असते.